आक्कांच्या डब्यातला गूळ

सरकारी कागदाशी माझं जन्माचं वाकडं आहे. रेशनकार्डावर नाव चढवायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून माझं डोकं दुखायला लागतं. नाशिक रोडला माझं पाळणाघर आहे. घरभर पोरं एकदम भोकाड पसरून बसली तरी मी डगमगत नाही, पण खिडकीपलीकडचा माणूस ‘उद्या या’ म्हणाला की माझा पारा चढलाच म्हणून समजा. त्यामुळे बाबा गेल्यावर बँकेतल्या बाईंनी ‘कोर्टाचा वारस दाखला लागेल’ असं शांतपणे सांगितलं, तेव्हा मी तिथल्या बाकड्यावर मटकन बसले. बाबा गेले ते गेले, आणि मागं हे लचांड! आज मात्र त्या बाईंना मनापासून धन्यवाद द्यावेसे वाटतात. त्या तसं म्हणाल्या नसत्या तर आक्का भेटल्या नसत्या.

आक्का म्हणजे ॲडव्होकेट शकुंतला खैरनार. सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात त्यांना आक्का म्हणत नाही असा माणूस नव्हता. शिपाई, टायपिस्ट, चहावाला, इतकंच काय, समोरच्या पक्षाचे वकीलसुद्धा. वय सत्तरीला टेकलेलं, ठेंगणा बांधा, कपाळावर ठसठशीत कुंकू, सुती साडीवर काळा कोट आणि कोटाच्या मधल्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. मी एकदा न राहवून म्हटलं, "आक्का, कोट द्या इकडं, मी बटण लावून देते." तर म्हणाल्या, "राहू दे गं. पिन अडीनडीला कुणाला काढून देता येते. बटण काय देणार?" आणि खरंच, कुणाच्या पदराला, कुणाच्या तुटक्या चपलेला ती पिन जायची, आणि तेवढा वेळ आक्का एका हातानं कोट धरून जज्जसाहेबांपुढं उभ्या राहायच्या.

त्यांना चेंबर नव्हतं. मागच्या व्हरांड्यात एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तिसरी कुठून तरी ओढून आणायची. टेबलाच्या खणात स्टीलचा डबा. त्यात शेंगदाणे आणि गुळाचे खडे. शेंगदाणे येईल त्याला मिळत. गूळ मात्र मागूनही मिळत नसे, आणि तो कधी मिळतो हे मला फार उशिरा कळलं.

मारामाऱ्या, घटस्फोट त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. घरातला माणूस गेल्यावर मागं राहिलेल्या बायकांची कामं तेवढी त्या घेत. मयत हा शब्द अर्जात लिहीत, पण तोंडानं कधी उच्चारत नसत. गेलेला माणूस हमाल असो की मामलेदार, त्यांच्या टेबलाशी तो ‘साहेब’. आणि कुणी लगबग करायला लागलं की ठरलेलं वाक्य, "घाई काय आहे? जाणारा तर गेला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, ही बाई आहे की कोण!

पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो होतो. आई, मी आणि पुण्याहून आलेला माझा भाऊ, अविनाशदादा. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. जन्मभर पै-पै जोडून त्यांनी बँकेत ठेवी केल्या, पण नॉमिनीचं नाव काढलं की, "मी काय एवढ्यात मरतोय का?" असं म्हणून विषय उडवून लावायचे. आता त्या ठेवी अडकून पडल्या होत्या. दादाचं म्हणणं सरळ होतं. अर्ज त्यानं करायचा, आईनं आणि मी ना-हरकत लिहून द्यायची, सिडकोतलं घर विकायचं आणि आईनं पुण्याला त्याच्याकडं जायचं. "आईला ह्या वयात कोर्टात कशाला उभं करायचं?" हे त्याचं पालुपद. त्यात खोट काही नव्हती हो. माया होती. फक्त आईला काय वाटतं ते त्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही नव्हतं.

दादानं फाइल उघडून बोलायला सुरुवात केली. आक्कांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आईकडं बघून विचारलं, "नाव काय तुमचं?"

"मिसेस जाधव," दादा म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

आईनं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आक्का शेंगदाणे सोलत बसल्या. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "कमल."

"छान. कमलताई, आणि साहेबांचं नाव?"

आईनं मान खाली घातली. दादानं घाईघाईनं सांगितलं, "त्र्यंबक रामचंद्र जाधव."

आक्कांनी डोळे बारीक करून आईकडं पाहिलं. त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी फाइलमधले सगळे कागद काढून दादाच्या हातात दिले. "एवढ्याच्या झेरॉक्स काढून आणा. गेटजवळच्या दुकानात नको, तो नीट काढत नाही. रस्ता ओलांडून पलीकडं जा."

दादा गेला. मग मला म्हणाल्या, "गेटजवळचा चांगल्या काढतो. पण पलीकडं रांग असते, वेळ लागतो." आणि खुर्ची पुढं ओढून आईला विचारलं, "कमलताई, आता सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

बाबा गेल्यापासून हा प्रश्न आईला कुणी विचारला नव्हता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग एकदम बोलली, "मला माझ्या घरात राहायचंय. अविनाशकडं सगळं चांगलं आहे, सून चांगली आहे. पण सकाळी उठून मी तिथं कुणाचं दार उघडू? माझ्या दारात माझी तुळस आहे, शेजारच्या बाया आहेत. मला नाही जायचं." एवढं बोलून ती रडायला लागली. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. माझ्या आईला इतकं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

आक्का तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "कसाले रडस वं? व्हई जाई समदं."

आक्का देवळ्याकडच्या, आणि आईचं माहेर सटाण्याजवळचं. ती माहेरची अहिराणी कानावर पडली आणि आई रडता रडता हसली. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली, आणि त्या हसण्यासाठी मी आक्कांचे जन्मभर पाय धरायला तयार आहे.

"मग अर्जदार तुम्ही," आक्का म्हणाल्या. "ठेवी तुमच्या हातात आल्या की घर विकायचं कारणच उरत नाही. मुलं ना-हरकत देतील, त्यांना मी बघते. पण एक आहे. शपथपत्र दिलं तरी जज्ज पिंजऱ्यात उभं करून चार गोष्टी विचारतात. तिथं तुमच्या साहेबांचं नाव तुम्हाला स्वतःच्या तोंडानं घ्यावं लागेल. ते तुमच्यासाठी दुसरं कुणी नाही घेणार."

आईचा चेहरा पडला. कारण आईनं बाबांचं नाव कधी घेतलंच नव्हतं. ‘अविनाशचे बाबा’, नाहीतर नुसतं ‘अहो’. आणि बाबांचं नाव पडलं त्र्यंबक, राहायला नाशिक! जवळच्या त्र्यंबकेश्वराचं नावसुद्धा आईला घेता येईना. सीबीएसच्या स्टँडवर ती कंडक्टरला विचारायची, "देवाला जाणारी गाडी कुठली हो?" तो विचारायचा, "कुठल्या देवाला, मावशी?" आणि आई आमच्याकडं बघायची. लहानपणी आम्ही पोरं मुद्दाम तोंड मिटून उभी राहायचो. मग ती चिडून म्हणायची, "तो ब्रह्मगिरीखालचा!" कंडक्टर सगळं समजून हसायचा.

"कधीच नाही घेतलं?" आक्कांनी विचारलं.

"लग्नात एकदा. माप ओलांडताना. उखाण्यात."

"मग येतंय की. फक्त परत आणायचं."

दादा झेरॉक्स घेऊन घामाघूम परत आला तेव्हा अर्जदार बदललेला होता. तो थोडा तणतणला. "आणि आईला नाही जमलं तर?" आक्का म्हणाल्या, "नाही जमलं तर अर्ज तुमचा, घर तुम्ही म्हणाल तसं. कबूल?" दादा कबूल म्हणाला. आईनंही मान हलवली. म्हणजे सगळं त्या एका नावावर येऊन ठेपलं.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, कोर्टाच्या फळ्यावर लागली, कुणाची हरकत आहे का याची वाट पाहणं सुरू झालं. मी प्रत्येक तारखेला दात-ओठ खात जायची आणि आक्का म्हणायच्या, "घाई काय आहे?" पण ती वाट पाहणं त्यांनी फुकट घालवलं नाही. तारीख असो-नसो, आईला त्या बोलवून घ्यायच्या. टेबलाशी बसवायच्या. इकडच्या तिकडच्या गप्पा, कांद्याची भाजी कशी करतेस, माहेरी कोण आहे. आणि मध्येच सहज, "साहेबांचं नाव काय म्हणालीस?" आई ओठ हलवायची. आवाज यायचा नाही. आक्का जणू काही घडलंच नाही अशा पुढं बोलायला लागायच्या. रागावणं नाही, ‘अहो आजच्या काळात काय हे’ असं शिकवणं नाही. उलट मीच एकदा वैतागून म्हटलं, "आई, साधं नाव आहे गं, त्यात काय एवढं?" तर आक्कांनी मलाच झापलं. "तुला काय कळतंय? तिनं जन्मभर जपून ठेवलंय ते. तुझ्यासारखं रस्त्यावर नाही टाकलं." मी माझ्या नवऱ्याला ए सुन्या म्हणते, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

त्या टेबलाशी मी किती बाया पाहिल्या! सुरगाण्याच्या बाजूची एक म्हातारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली होती, सोबत नागलीचे पापड. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि आक्कांनी टाळी वाजवली. "आता परत एकदा," म्हणाल्या. "एकदा कोर्टासाठी झालं. आता एकदा तुझ्यासाठी." म्हातारीनं दुसऱ्यांदा घेतलं आणि डोळ्याला पदर लावला. मग आक्कांनी खणातून डबा काढून तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. तो गूळ कशाचा होता ते मला तेव्हा कळलं. आई टक लावून बघत होती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेटवर स्कूटरचा हॉर्न वाजायचा. आक्कांचे यजमान. ड्रॉइंगचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. सकाळी बायकोला सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे. आक्का फायली आवरत पुटपुटायच्या, "आले बघा मास्तर. एवढा हॉर्न! मी काय बहिरी आहे का?" पण हॉर्नला जरा उशीर झाला की त्यांचं लक्ष अर्जात नसायचं, चष्म्यावरून गेटकडं असायचं.

आईनं एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही घेता का हो, मास्तरांचं नाव?"

आक्का खळखळून हसल्या. "अगं, दिवसभर लोकांच्या नवऱ्यांची नावं घेऊन माझं तोंड दुखतं. आमच्या मास्तरांना मास्तरच पुरे!"

आईच्या जबानीची तारीख उजाडली. शिपायानं व्हरांड्यात येऊन पुकारा केला, "कमल त्र्यंबक जाधव!" आणि आई दचकली. तिचं नाव आणि बाबांचं नाव असं शेजारी शेजारी, सगळ्यांच्या देखत. मला वाटलं, संपलं, आता हिच्याच्यानं होत नाही.

पिंजऱ्यात आई इतकीशी दिसत होती. शपथ झाली. सही तुमची का, हो. मुलं किती, दोन. मग जज्जसाहेबांनी विचारलं, "मयत तुमचे कोण?"

"मुलांचे बाबा."

"त्यांचं नाव सांगा."

पंखा कुरकुरत होता. साहेबांनी वर पाहिलं. "मावशी, नाव सांगा." आईचे ओठ हलले, आवाज नाही. माझ्या शेजारी दादा अर्धवट उठला, "साहेब, मी सांगतो..."

"तुम्ही बसा."

मी आक्कांकडं बघितलं. त्या एका शब्दानंही आईला सुचवत नव्हत्या. फक्त पिनेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "साहेब, थोडं थांबावं. येतंय."

साहेब भले माणूस. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि थांबले.

आईनं डोक्यावरून पदर घेतला. मान खाली घातली, जशी उंबऱ्याशी ठेवलेल्या मापाकडं बघावी तशी. आणि भरल्या कोर्टात, स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

"तांदळाचं माप ओलांडते, जपून टाकते पाऊल,
त्र्यंबकरावांच्या संसाराची आज लागली चाहूल."

मागून कुणीतरी सवयीनं "वा!" म्हणालं आणि जीभ चावली. टाइप करणारी मुलगी गोंधळून विचारती झाली, "साहेब, हे सगळं घेऊ?" साहेबांनी मान कागदात घातली होती. "फक्त नाव घ्या," ते म्हणाले. मग आईला हळू आवाजात, "पूर्ण नाव सांगा, मावशी." आणि बांध फुटल्यासारखी आई म्हणाली, "त्र्यंबक रामचंद्र जाधव." एकदाही न अडखळता.

बाहेर व्हरांड्यात दादा भिंतीकडं तोंड करून रडत होता. आक्का आईसमोर उभ्या राहिल्या. "हे कोर्टासाठी झालं."

आईला पुढचं माहीत होतं. तिनं आमच्याकडं पाठ केली. "त्र्यंबक," ती म्हणाली, आणि मग अगदी लहान मुलीसारखी, "अहो त्र्यंबक..." आक्कांनी डबा उघडला. आईनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि चघळत चघळत रडली. डोळे पुसून दादा म्हणाला, "आई, तू राहा तुझ्या घरी. मीच येत जाईन." आणि तो शब्द त्यानं पाळला.

दाखला आईच्या नावानं निघाला. आई अजून सिडकोत आहे, तुळस आहे, शेजारच्या बाया आहेत. दर श्रावणात एका सोमवारी ती स्टँडवर जाते आणि कंडक्टरला खणखणीत आवाजात सांगते, "एक त्र्यंबक!" काम झालं तरी तिनं आक्कांना सोडलं नाही. महिन्या-पंधरवड्यातून एकदा डबा घेऊन जायची. मास्तरांसाठी वेगळा, त्यांना तिखट चालत नसे.

मास्तर गेले ते गेल्या हिवाळ्यात, बसल्या जागी. आक्कांनी त्यानंतर कोट घातला नाही. हातातली कामं त्यांनी आपल्याच एका ज्युनिअर मुलीकडं दिली आणि देवळ्याला भावाकडं जायचं ठरवलं. जाण्यापूर्वी एकच काम उरलं होतं. मास्तरांनीही कुठल्याशा ठेवीवर नॉमिनी लावला नव्हता. म्हणजे आमच्या बाबांसारखेच!

आईला तारीख कळली तशी ती म्हणाली, "मला घेऊन चल." आक्कांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. त्याच कोर्टात, त्याच पिंजऱ्यात, साध्या सुती साडीत. कोट नसल्यामुळे त्या फार लहान दिसत होत्या. साहेब नवीन होते, त्यांना आक्का कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. ज्युनिअर मुलीनं अर्ज मांडला. शपथ झाली.

"मयत तुमचे कोण?"

"पती."

"नाव?"

आक्कांनी तोंड उघडलं. आणि आवाजच आला नाही.

मला वाटलं घसा बसला असेल. पण त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला होता आणि त्या गेटच्या दिशेनं बघत होत्या. गेट तिथून दिसत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं घेणारी ही बाई! मास्तरांना मास्तरच पुरे म्हणाली होती, ते थट्टेत नव्हतं तर. ज्युनिअर मुलगी घाबरून कागद चाळायला लागली. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "बाई, नाव सांगताय ना?"

माझ्या शेजारून आई उठून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"साहेब, थोडं थांबा," आई म्हणाली. "येतंय."

साहेबांनी चष्म्यावरून आईकडं पाहिलं. बहुधा रागवायच्या बेतात होते. पण आई हात जोडून उभी होती, आणि ते थांबले. आक्कांनी मान वळवून आईकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच्याबरोबरच आवाजही आला. "दिगंबर पुंडलिक खैरनार."

काम झालं. आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात त्यांच्या टेबलाशी दुसरंच कुणी बसलं होतं. आईनं कमरेचा हातरुमाल काढून गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता. आक्कांनी तो पाहिला आणि हात पुढं केला.

आईनं रुमाल मिटला. "हे कोर्टासाठी झालं," ती म्हणाली.

आक्का हसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग आम्हा दोघींकडं पाठ करून, गेटकडं बघत त्यांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. इतक्या हळू की मला काही ऐकू आलं नाही. मग वळल्या आणि तळहात पुढं केला.